भुऱ्यासाठी पेरूची फांदी

काजल लग्न होऊन विसरवाडीला आली तेव्हा सामानाच्या टेम्पोत कपाट होतं, मिक्सर होता, आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर दोरीने नीट बांधलेला एक पिंजरा होता. पिंजऱ्यात कॉकटेल जातीचे दोन छोटे पोपट. करड्या अंगाचा आणि पिवळ्या तुऱ्याचा भुऱ्या, आणि त्याच्याहून लहानखुरी टिचकी. दारात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"सून आंदनमा पाखरं लई उनी व माय!"

काजलचे सासरे दोधूनाना मात्र हसले नाहीत. ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले आणि आतल्या प्लास्टिकच्या काड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. नाना खरादी होते, यंत्रावर लाकूड कातणारे. हायवेला लागूनच त्यांचं दुकान, मागे घर. लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे, खाटेचे पाय, सगळं त्यांच्या खरादीवर गोल होऊन निघायचं. धुळे-सुरत गाड्यांवरचे ड्रायव्हर चहाला थांबले की घरी न्यायला त्यांच्याकडून लाटणं घेऊन जायचे.

"हाई प्लास्टिक काढी टाक बेटा," ते काजलला म्हणाले. "मी दांडा करी देस."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सागवानाचे दोन दांडे केले. अगदी एका मापाचे, सरळ, दोन्ही टोकांना मण्यासारखी घडण. पॉलिशपेपरने इतके घासले की गालावर फिरवले तरी कळू नये. काजलने बिचकत सांगितलं की पाखरं लाकूड कुरतडतात, रंग-वॉर्निश नको. तर नानांनी ते मुकाट्याने मान्य केलं आणि नुसतंच अजून एकदा घासलं. दांडे बसवले तेव्हा सासूबाई कौसाबाई, नवरा भाग्येश, शेजारपाजारचे, सगळे बघायला आले. काजलला तेव्हा रडू येईल की काय असं वाटलं. या नव्या घरात कोणी तिच्यासाठी हाताने केलेली ती पहिली वस्तू होती.

ही गोष्ट उन्हाळ्यातली. दिवाळी झाली आणि काजलच्या लक्षात आलं की भुऱ्या सारखा पाय बदलतोय. डावा उचलायचा, थोड्या वेळाने तो ठेवून उजवा. दांड्यावरून उतरून जाळीला लटकून राहायचा. तिने त्याला ओंजळीत धरून उलटा केला. तळपायावरची खवलेदार कातडी गुळगुळीत होऊन लाल चकाकत होती आणि डाव्या पायाला मसुराएवढी गाठ आली होती.

तिने त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात घातलं आणि गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर रिना वयाने काजलएवढीच होती. दिवसभर म्हशी-बकऱ्या बघून दमली होती, पण खोक्यातून पिवळा तुरा वर आला तशी खुर्ची ओढून बसली.

"बसायला काय दिलंय याला?"

काजलने सांगितलं.

"तेच ते. गोल, गुळगुळीत, एकाच जाडीचं. दिवसभर पायाच्या त्याच जागेवर भार येतो. झाडावर कधी अशी फांदी बघितलीस? कुठे जाड, कुठे बारीक, साल खडबडीत. पाखरू दर वेळी पाय वेगळा टाकतं. हे मलम लाव, पण खरं औषध फांदीच आहे."

घरी येताना काजलचं पाऊल जड झालं. नानांना काय सांगायचं? तुम्ही इतक्या मायेने केलेल्या दांड्यांनी पाखराच्या पायाला फोड आलाय म्हणून? तिने मलम लावलं आणि जुन्या ओढणीची पट्टी फाडून दोन्ही दांड्यांना गुंडाळली. मनात म्हणाली, आठवडाभर असं चालवू, मग बघू.

नानांना ते दुपारच्या जेवणाआधीच दिसलं.

"हाई काय गुंडाळं?"

"थंडी पडतेय ना, नाना."

ती आत गेल्यावर नानांनी पट्टी सोडून दांडा बोटांनी चाचपला. कुठे तडा नाही, कुसळ नाही. पट्टीचे धागे मात्र सुटले होते आणि त्यातला एक भुऱ्याच्या नखात अडकला होता. नानांनी तो कैचीने हळूच कापला, पट्टी खिशात घातली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"काजलले मन्हा दांडा आवडना नही का?" त्यांनी आत एकट्याच असलेल्या कौसाबाईंना विचारलं.

कौसाबाईंना काजलने सगळं सांगितलेलं होतं. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.

"दांडा भलता गुळगुळीत शे, म्हनीसन त्याना पायले फोड उना. डॉक्टरबाईनी सांगं."

"गुळगुळीत शे, हाऊ काय दोष व्हयना?"

"माले काय ठाऊक! पोरगी घाबरनी. तुम्हले वाईट वाटी म्हनीसन बोलनी नही."

त्या दुपारी खराद बंद राहिली. चाळीस वर्षं नानांनी लाकडातलं वाकडं-तिकडं काढून टाकायचंच काम केलं होतं. गाठ दिसली की लाकूड बाजूला. लोक त्यांच्या लाटण्यावरून हात फिरवायचे आणि मान डोलवायचे. नानांना राग आला नव्हता. पण गिऱ्हाईक आलं तरी ते ओट्यावरून उठेनात, शेवटी कौसाबाईंनीच रवी काढून दिली.

संध्याकाळी ते पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसले. नुसते भुऱ्याचे पाय बघत राहिले. दोन बोटं पुढे, दोन मागे. मग त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून उजव्या हाताचं पहिलं बोट आत धरलं. ते बोट फार वर्षांपूर्वी खरादीत सापडून वाकडं झालं होतं. मधल्या पेराला मोठी गाठ आणि वर घट्टा. भुऱ्या आजवर काजलशिवाय कोणाच्या हातावर आला नव्हता. त्याने मान तिरकी केली, चोचीने बोट तपासलं आणि वर चढला. आधी टोकाशी, मग सरकत गाठीवर. एक पाय गाठीच्या अलीकडे, एक पलीकडे. पिसं फुगवून तो तिथेच बसला.

नानांना प्रत्येक नखाचा दाब वेगळा कळत होता. कुठे जोर आहे, कुठे पाय हलका सोडलाय. हाताला रग लागली तरी त्यांनी हात हलवला नाही. काजल दिवा लावायला आली आणि दारातच थबकली.

"नाना..."

"बोलू नको, उडी जाई," ते कुजबुजले. मग म्हणाले, "बेटा, माले काबर नही सांगं?"

काजलने खाली बघितलं. "तुम्ही किती घासले होते ते दांडे."

"मंग काय व्हयनं? माले कोठे ठाऊक व्हतं पाखरूनं. तुले ठाऊक शे ना. सांगत जाय."

जवळच्या खांडबाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी नाना लाटण्यांची गोणी घेऊन गेले. तिथे त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं कालीबाई बसायची. पलीकडच्या पाड्यावरून यायची, कडुनिंबाची दातणं, डिंक, कधी कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड आणायची. घरी तिची बोली वेगळी, पण बाजारात ती सगळ्यांशी सगळं मिसळून बोलायची आणि कलेक्टर आला असता तरी त्याला 'तू'च म्हणाली असती.

"कालीबाई, माले वाकडं लाकूड पाहिजे," नाना म्हणाले. "सालसगट. गाठी असल्या तरी चाली."

कालीबाईने दातणांची जुडी खाली ठेवली. "दोधूभाऊ, तुझं डोकं ठिकाण्यावर शे ना? मी आणलेलं किती लाकूड तू फेकलं! याला गाठ शे, याला पीळ शे."

"पाखरूले बसाले पाहिजे."

मग सगळी हकीकत ऐकल्यावर ती हसता हसता गंभीर झाली. बाजार उठल्यावर नानांना घेऊन पाड्यावर गेली. नानांना वाटलं होतं, पहिल्याच झाडाची फांदी तोडायची आणि निघायचं. कालीबाईने तसं होऊ दिलं नाही.

वाटेतल्या एका शेताच्या बांधावर छान पसरलेलं बोराचं झाड होतं. नानांनी कोयता काढला तशी ती म्हणाली, "ते नको. त्या मिरचीवर फवारा मारतात, सगळा या झाडावर येतो. तुझं पाखरू साल खाईल ना?" कण्हेर आणि रुई दिसली तेव्हा तिने नुसताच हात झटकला. एक वाळकी फांदी नानांनी उचलली. तिने ती वाकवली, कडकन मोडली आणि आतून मुंग्या निघाल्या. शेवटी स्वतःच्या परसातल्या पेरूपाशी ती थांबली. या झाडावर तिने कधी काही मारलेलं नव्हतं. पेरू पोपट खायचे, उरलेले नातवंडं.

"इथंच बसतात ना सगळे," ती वर बोट करून म्हणाली. "ते कोणती फांदी घेतात ते बघ, तीच तोड."

नाना मान वर करून उभे राहिले. आयुष्यभर लाकूड हाताळलं होतं, पण ते नेहमी तोडून आल्यावर. त्यांनी तीन फांद्या निवडल्या. एक अंगठ्याएवढी जाड, एक करंगळीहून थोडी बारीक, एक बेचक्याची. प्रत्येक फांदी ते आपल्या वाकड्या बोटाशी लावून बघत होते. भुऱ्याची नखं पलीकडे जाऊन एकमेकांना भिडता कामा नयेत, एवढं त्यांना त्या संध्याकाळी कळलं होतं. कालीबाईने परसातल्याच जांभळाचीही एक वर दिली, आणि गोणीत आठ-दहा पेरू.

फांद्यांची तयारी सासरा-सुनेने मिळून केली. काजलने पानं काढली, नळाखाली ब्रशने साल घासली. साबण लावू दिला नाही. कौसाबाईंनी कुरकुरत चुलीवर मोठं पातेलं चढवलं.

"मन्ही सगळी जिंदगी गयी, पन लाकूडनी भाजी पहिल्यांदा शिजाडी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या.

उकळत्या पाण्यातून फांद्या काढून चार दिवस गच्चीवर उन्हात वाळवल्या. पाचव्या दिवशी काजल दुकानात आली तेव्हा नानांनी जांभळाची फांदी मांडीवर घेतली होती आणि हातातली पटाशी सालीत शिरणारच होती.

"नाना, साल नको!" तिने त्यांचा हातच धरला.

नाना दचकले, पटाशीकडे बघितलं आणि इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. सुनेने सासऱ्याचा हात असा धरलेला बघून समोरचा चहावालाही हसायला लागला. "हातले सवय शे बेटा, काय करू," नाना म्हणाले. मग त्यांनी फक्त टोचणारी टोकं घासली, बुंध्याला भोक पाडलं, जुने दांडे काढले, बोल्ट आणि दोन वायसर घालून फांद्या जाळीला घट्ट कसल्या. जाड फांदी खाली, बेचकं वर, बारीक फांदी तिरकी. पाण्याच्या वाटीवर एकही नाही, शिटेने पाणी घाण होतं म्हणून.

आणि पाखरं घाबरली. दोघंही जाळीच्या कोपऱ्याला चिकटून बसली, फांद्यांकडे बघून फिसकारली. एक दिवस गेला, दुसरा गेला. नाना दर तासाला दुकानातून आत डोकावायचे. काजलला वाटलं, आता हेही नानांना लागणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत असताना नानांची हाक आली, "काजल! ये, ये, लवकर!"

टिचकी बेचक्यात बसून साल सोलत होती. एवढे एवढे कपटे खाली पडत होते. तिचं बघून भुऱ्या तिरक्या फांदीवरून एकेक पाऊल टाकत वर चढला, मध्येच थांबला, पाय बदलून पुन्हा चढला. वर पोचल्यावर त्याने मोठी शीळ घातली. पीठ भरलेल्या हातांनी काजल टाळ्या पिटायला लागली.

मलम चालूच होतं. तीन आठवड्यांनी डॉक्टर रिनाने भुऱ्याचा पाय बघितला तेव्हा गाठ जिरलेली होती आणि तळव्यावर खवले पुन्हा दिसायला लागले होते. "कोणी केलं हे सगळं?" तिने विचारलं. काजल म्हणाली, "आमचे नाना." असं म्हणताना आपला आवाज जरा मोठा झाला, हे तिलाही कळलं.

दीड महिन्यात दोघांनी पेरूच्या फांद्या सोलून पांढऱ्या करून टाकल्या. बेचक्याचा एक हात तर टिचकीने कुरतडून तोडलाच. पिंजरा झाडताना कौसाबाई रोज कपटे काढायच्या आणि बडबडायच्या. नानांनी मात्र स्कूटर बाहेर काढली, कोयता गोणपाटात गुंडाळला आणि काजलला म्हणाले, "चाल बेटा, तू पन ये. कालीबाई विचारी ऱ्हायनी व्हती, सून कशी शे म्हनीसन."

काजलने ओढणी बांधली आणि मागे बसली. खांडबाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर नानांनी स्कूटर एकदम हळू केली. काजलला वाटलं, पुढे गतिरोधक असेल. पण नाना रस्त्याकडेच्या एका झाडाकडे बघत होते.

"ती दुसरी फांदी देख," ते म्हणाले. "बसाले कितली मस्त शे."