दोन केबली, दोन सह्या

लोक म्हणतात, आमचं सगळं वर क्लाउडमध्ये असतं. वर कसलं, ते आमच्या डेटा सेंटरमध्ये असतं, सर्व्हरच्या कपाटांत, आणि पंख्यांनी कान किटतात. प्रत्येक कपाटाला दोन केबली, एक लाल, एक निळी, दोन वेगळ्या लाइनींवरून. एक लाइन गेली तरी दुसरी तग धरते.

आज अकराला निळी लाइन मुद्दाम बंद करून चाचणी घ्यायची होती. दहा चाळीसला मी शेवटची फेरी मारत होते. एका कपाटामागे वाकून बघितलं. लाल केबलचं टोकही निळ्या लाइनीच्याच सॉकेटांच्या पट्टीत खोचलेलं. त्या कपाटावर तीन इस्पितळांच्या नोंदी होत्या. अकराला त्या बंद पडल्या असत्या.

जोडणीच्या कागदावर सही माझीच. तारीख पाहिली. बहीण बाळंत झाली तो दिवस. हात कामाला, जीव फोनपाशी.

केबल नीट लावायला दोन मिनिटं पुरली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यात पुढच्या महिन्यात मला शिफ्टप्रमुख करणार होते. पण त्या दिवशी मी अशी चाळीस कपाटं जोडली होती, आणि वीस मिनिटांत ती सगळी बघून होणार नव्हती. स्वतःचाच भयंकर राग आला.

मास्तरांना गाठलं. हे काम सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर.

"चाचणी थांबवा. एक कपाट चुकीचं जोडलंय. मीच जोडलंय."

त्यांनी फोन करून चाचणी थांबवली आणि कागद मागितला. आता खरडपट्टी, असं मला वाटलं. त्यांचं बोट 'दुसऱ्याने तपासले' या रकान्यावर थांबलं. तिथे त्यांची सही होती.

"मी बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "तू जोडलंय म्हटल्यावर काय बघायचं, म्हणून सही ठोकली."

मास्तर माझं काम तपासत नाहीत, याचाच मी वर्षभर तोरा मिरवला होता.

ते गुडघ्यावर हात टेकत पहिल्या कपाटामागे बसले. मी टॉर्च घेऊन दाखवायला पुढे झाले.

"दाखवू नकोस. तू पट्टीकडून बघत ये, मी सर्व्हरकडून बघतो. बोलायचं नाही."

सतराव्या कपाटाशी आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "हे पण."