निर्दोषानंदांचा सिद्ध गहू

"अब बिटिया खाएगी!"

निर्दोषानंद महाराजांनी हात वर केला आणि पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या धर्मशाळेचं अंगण एकदम गप्प झालं. चारपाचशे माणसं तरी असतील. जिन्यावर माणसं, कठड्यावर माणसं, मागच्या बायका टाचा उंचावून बघत होत्या. मंचावर नऊ वर्षांची एक किडकिडीत मुलगी उभी होती. हातात टम्म फुगलेली पुरी. तिनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग एक घास तोडला. मग दुसरा. पुरी संपली.

"पेट में दर्द?" महाराजांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"उल्टी? चक्कर?"

पुन्हा नाही.

"डॉक्टर बोला था, गेहूँ खाएगी तो आँत सड़ जाएगी। अरे, गेहूँ तो माँ है! माँ कभी बच्चे को मारती है? दोष गेहूँ में नहीं, गेहूँ के संस्कार में है। हमने मंत्र से दोष निकाल दिया। अब बोलो, गेहूँ ज़हर है कि माँ है?"

"माँ है!" अंगण गरजलं. मग 'हर हर महादेव'. दोघीतिघी रडायला लागल्या.

ती मुलगी माझी. ऋता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. भीती नाही, आनंद नाही. आपण दुसऱ्याच कुणाच्या मुलीकडे बघतोय, असं मी बघत होते.

मी मृणालिनी. माहेर सोलापूरचं, लग्न होऊन बनारसला आले. माझा नवरा विश्वेश रेल्वेत इंजिनिअर आहे. त्याचं घराणं सात पिढ्यांपासून बालाजी घाटाजवळच्या गल्लीत राहतं. ऋता सहा वर्षांची असताना तिचा आजार कळला. त्याआधी चार वर्षं तिचं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, उंची वाढत नव्हती. शेवटी डॉक्टर मालविका यांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सांगितलं, "सीलिॲक आहे. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकट प्रथिन असतं. ते पोटात गेलं की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. औषध नाही. गहू, जव बंद. कायमचे. बाकी सगळं खाऊ दे, ही छान वाढेल."

कायमचे, हा शब्द विश्वेशला पचला नाही. मी मात्र स्वयंपाकघरात गेले आणि कामाला लागले. वेगळा तवा, वेगळं पोळपाट-लाटणं. चक्कीवर आमच्या आधी गहू दळलेला असायचा, म्हणून घरी छोटी चक्की घेतली. तांदळाची उकड काढून फुलके केले, आईकडून ज्वारी मागवली, थालीपिठाच्या भाजणीतला गहू काढून राजगिरा घातला. पीठ तुटू नये म्हणून त्यात इसबगोल भिजवून घालायला शिकले. एवढं करूनही सुरुवातीला तिचं पोट दुखायचंच. दोन महिन्यांनी कळलं की डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. वरणाच्या फोडणीतून मीच तिला रोज गहू देत होते. खडा हिंग आणला आणि तिचं दुखणं थांबलं. त्या वर्षी ती चार सेंटिमीटर वाढली.

पण बनारसमध्ये सकाळ कचोरी-जिलेबीनं सुरू होते. गल्लीतून शाळेत जाताना ऋता कढईकडे न बघता चालायला शिकली होती. मागच्या वर्षी तिच्या आत्तेभावाची मुंज झाली. पंगत बसली, आणि ऋता खांबामागे डबा उघडून एकटी जेवली. विश्वेशनं ते पाहिलं. त्या दिवसापासून तो कोणाचंही ऐकायला तयार होता. त्याच सुमारास ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला निर्दोषानंदांचं नाव सांगितलं.

महाराजांचा नियम असा: एकवीस दिवस मूल रोज दुपारी आश्रमात, म्हणजे त्या धर्मशाळेतच, येणार, आश्रमातलीच 'सिद्ध गव्हाची' पोळी किंवा पुरी खाणार. पीठ घरी न्यायचं नाही. ज्या आईच्या मनात शंका आहे, तिनं त्याला हात लावायचा नाही.

"शंका करनेवाली माँ के हाथ से दोष लौट आता है," असं माझ्याकडे बघून त्यांनी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी मी विश्वेशशी भांडले. "डॉक्टरांना विचारू तरी."

"त्या काय सांगणार? नाहीच म्हणणार. एकदा बघू तर दे, मृणाल. तिला त्रास झाला तर मीच बंद करेन."

त्रास झाला नाही. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले. ऋता हसत घरी यायची. मंचावरचा तो गुरुवार हा एकविसावा दिवस होता. खरं सांगते, तोवर मलाही वाटायला लागलं होतं की असेल काहीतरी. तीन वर्षं मी दोन तव्यांवर स्वयंपाक केला होता. मी दमले होते. विश्वास बसला म्हणून नव्हे, दमले म्हणून मी गप्प बसले.

एकविसाव्या दिवशी महाराजांनी विभूतीची पुडी दिली. ती चिमूटभर घरच्या कणकेत टाकायची, म्हणजे घरचा गहूही शुद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वेश ऋताला घेऊन कचोरीच्या दुकानात गेला. खिशात पुडी होतीच. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, ती आतून गरम असते!" तीन वर्षांत ती हे विसरून गेली होती.

घरचा गहू सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचं तोंड आलं. मग पोट फुगलं. विश्वेश विचारायला गेला तेव्हा महाराज म्हणाले, "पुराना मल निकल रहा है, बेटा। घर में किसी की श्रद्धा कच्ची है।" घरात आम्ही तिघंच होतो. विश्वेश माझ्याशी बोलेनासा झाला. सहाव्या आठवड्यात जुलाब थांबेनात, आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी ऋता खाली कोसळली.

इस्पितळात तिच्या हाताला सलाइन लावलं होतं. मनगट इतकं बारीक झालं होतं की पट्टी दोनदा गुंडाळावी लागली. मी खुर्चीवर बसून थेंब पडताना बघत होते. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. डॉक्टर मालविका रिपोर्ट घेऊन आल्या.

"हिला गहू कोणी दिला?"

विश्वेशनं सगळं सांगितलं, अगदी खाली मान घालून. शेवटी म्हणाला, "पण मॅडम, पहिले तीन आठवडे ती रोज खात होती. काहीच झालं नाही. ते कसं?"

"काही मुलांमध्ये नुकसान आत होत राहतं, वरून लगेच दिसत नाही. एका दिवसाच्या पुरीवरून काहीच सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ऋताला तर हिंगातल्या एवढ्याशा गव्हानंही त्रास व्हायचा. तीन आठवडे रोज पोळ्या खाऊन साधं पोटही दुखलं नाही म्हणता? मग मला तरी वाटतं, त्या पोळ्या गव्हाच्या नसतील."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. विश्वेश भिंतीला टेकून उभा राहिला. मी उठले.

"कुठे चाललीस?"

"आश्रमात. पोळ्या लाटायला."

आश्रमात सेवेला बायका लागतातच. पदर डोक्यावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, मला कोणी काही विचारलं नाही. सुखिया नावाची एक म्हातारी आचारीण परातीत गोळे करत होती. मी एक गोळा घेऊन लाटायला लागले, आणि पहिल्याच फेऱ्याला माझा हात थांबला. कणीक लाटण्याखाली ताणली जाते, सोडली की जरा मागे येते. हा गोळा मागे येत नव्हता. कडा फाटत होत्या. बोटांना इसबगोलचा बुळबुळीतपणा लागत होता. हे पीठ मी ओळखत होते. तीन वर्षं रोज सकाळी मी हेच मळत होते.

"अम्मा, गेहूँ कौन-सी चक्की से आवत हौ?" मी सहज विचारलं.

"गेहूँ?" म्हातारी हसली. "गेहूँ त इहाँ आवतै नाहीं, बहिनजी। चाउर, रामदाना, आउर ऊ भूसी। महाराज कहेलन, ई फलाहारी परसाद हौ।"

तिला काहीच ठाऊक नव्हतं. चाउर म्हणजे तांदूळ, रामदाना म्हणजे राजगिरा, भूसी म्हणजे इसबगोल. तिच्या लेखी ते उपासाचं पीठ होतं. मी एक गोळा डब्यात घातला आणि निघाले.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, पुन्हा अंगण भरलं. त्या दिवशी मिर्झापूरहून आलेला ओजस नावाचा सात वर्षांचा मुलगा मंचावर होता. त्याची आई, तेजश्री, बाजूला हात जोडून उभी होती. महाराजांचं 'गेहूँ माँ है' सुरू झालं. मी परात आणि पाण्याची बादली घेऊन सरळ मंचावर गेले. विश्वेश माझ्या मागे होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता.

"ही तीच, ऋताची आई," कोणीतरी म्हणालं. ऋताला सगळे ओळखत होते. म्हणून मला कोणी अडवलं नाही.

मी हिंदीत बोलले. आवाज चढवला नाही, तेवढं बळच नव्हतं. "हा माझ्या घरच्या गव्हाच्या कणकेचा गोळा. हा महाराजांच्या स्वयंपाकघरातला. दोन्ही पाण्यात चोळून धुते. तुम्ही फक्त बघा."

गव्हाचा गोळा मी पाण्यात चोळत राहिले. पाणी पांढरं झालं. बदललं, पुन्हा चोळलं. शेवटी हातात रबरासारखा करडा लोळा उरला. मी तो दोन्ही हातांनी ताणला. तो वीतभर लांबला आणि सोडल्यावर आखडला. "हेच ते ग्लूटेन. गव्हातून हे निघतंच. माझ्या मुलीला हेच चालत नाही."

मग दुसरा गोळा. तो पाण्यात विरघळत गेला. बोटांना थोडा बुळबुळीत चिकटा लागला, तोही निसटला. मी रिकामे हात वर केले.

महाराज हसले. "देखा? यही तो चमत्कार है! मंत्र ने दोष निकाल दिया!"

काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मी डब्यातून घरच्या कणकेचा आणखी एक गोळा काढला. "मग याच्यावर मंत्र म्हणा. इथे, सगळ्यांसमोर. तुम्ही सांगाल तितक्या वेळा. मग मी हा धुते."

"ऐसे नहीं होता, बेटी। इक्कीस दिन की साधना..."

"ठीक आहे. गोळा सुकेल, म्हणून पीठच ठेवते. एकवीस दिवस मंत्र म्हणा, डबा कुलूपबंद, किल्ली या सगळ्यांकडे. मी बाविसाव्या दिवशी मळून धुवायला येईन."

महाराज उठून आत जायला लागले. मधेच मंचावरून निघून गेलेला विश्वेश तेवढ्यात स्वयंपाकघरातून खांद्यावर पोतं घेऊन आला आणि त्यानं ते मंचावर रिकामं केलं. राजगिऱ्याचं पीठ. त्यावर इसबगोलची रिकामी पाकिटं पडली. "माझी मुलगी इस्पितळात आहे," तो म्हणाला. "इथे तिला गहू दिलाच नव्हता. गहू मी दिला. यांची पुडी टाकून, माझ्या हातानं दिला." आणि तो तिथेच खाली बसला.

तेजश्रीनं मुलाच्या हातातली पुरी काढून घेतली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "दीदी, तो इसको खिलाऊँ क्या?"

"हेच," मी म्हणाले. "ही पुरी त्याला चालेल. फक्त हिला गहू म्हणू नका. करायची कशी, ते मी शिकवते."

सगळे काही शहाणे झाले नाहीत. निम्मे लोक जाताना प्रसाद घेऊन गेले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, डॉक्टरांनी सोबत पत्र जोडलं. महाराज त्या आठवड्यातच निघून गेले. कुठे गेले, ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या गावात आपली पोळी भाजून घेत असतील.

ऋता घरी आली. आतडं भरून यायला महिने लागणार होते. एके दुपारी ती पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "आई, मी तिथे खाऊन दाखवलं, म्हणून बाकीच्या मुलांनीपण खाल्लं ना?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण तिला आधीच खूप खोटं सांगून झालं होतं.

"हो," मी म्हणाले. "पण फसवणूक महाराजांनी केली, तू नाही."

"मग त्या मुलांना सांगायला पाहिजे."

त्या अंगणात कोणकोणती मुलं येत होती, ते विश्वेशला आठवत होतं. रविवारी तो ऋताला घेऊन निघाला, मीही गेले. एका घरी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या घरी मुलाचे आजोबा आमच्यावर ओरडले. तिसरं घर अहिल्याबाई घाटाजवळ होतं. दार उघडणाऱ्या बाईंच्या मागे एक मुलगा पोळी खात होता. त्याचं पोट फुगलेलं होतं, गाल बसलेले होते. मी काही बोलायच्या आत ऋताच म्हणाली, "आंटी, मैंने जो पूरी खाई थी ना, वो गेहूँ की नहीं थी। मुझे पता नहीं था। इसको मत खिलाइए।"

बाईंनी मागे वळून मुलाचं ताट उचललं. तेव्हा मात्र मी त्यांच्या उंबऱ्यावरच बसले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं.

तुमच्याही गावात कोणीतरी असेल. तो गहू शुद्ध करत असेल, साखर उतरवत असेल, नाहीतर गाठ विरघळवत असेल. देवावर श्रद्धा ठेवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मुलाच्या तोंडात जे घालायचं, ते आधी स्वतःच्या हातात घेऊन बघा, डॉक्टरांना विचारा, पुन्हा तपासा. आणि जो कोणी म्हणेल की शंका असणाऱ्यानं हात लावायचा नाही, त्याच्या दारातून मुलाला उचला आणि घरी या.