पायावरची साय

राजारामपुरीत दवाखाना काढून डॉक्टर सलिमा मुजावरला दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात तिचं निम्मं डोकं गडमुडशिंगीच्या दूधवाल्या धोंडुबाईनं खाल्लं होतं. म्हशीनं पाय दिल्याचं निमित्त झालं नि धोंडुबाईच्या पावलाला जखम झाली. त्यात साखरेचा आजार, दिवसभर शेणामुतात उभं राहणं. जखम काही भरायचं नाव घेईना.

ढीगभर इंजेक्शनं झाली, गुण शून्य. जुन्या जखमेत जंतू एकमेकांना धरून चिकट थर करतात आणि त्याखाली औषधाला दाद देत नाहीत, असं हल्ली परदेशी संशोधनात येऊ लागलं होतं. सलिमानं ते वाचलं होतं आणि तिला ते पुरतं पटलं होतं. तो थर दर आठवड्याला खरवडून काढला तर हा पाय वाचेल, असं तिचं म्हणणं. धोंडुबाईला मात्र तो थर म्हणजे नवी कातडी वाटायची.

"साय धरतीया, आन् तुमी ती काडून टाकतासा," म्हणत ती खाडे करायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतून सलिमा दमली.

शेवटी तिनं धोंडुबाईच्याच धंद्यातला दाखला दिला.

"मावशी, दुधाच्या किटलीला आतून बुळबुळीत थर धरतो ना? नुसतं पाणी ओतून जातो?"

"न्हाय की. घासाय लागतंय."

"न घासता दूध ओतलं तर?"

"नासतंय."

"तसंच हे."

धोंडुबाईला लख्ख पटलं. सलिमा त्या दिवशी स्वतःवर बेहद्द खूश होती. शहाण्या माणसानं इतकं खूश होऊ नये.

पुढच्या आठवड्यात धोंडुबाई रिक्षातून आली ती तापानं फणफणलेली. पट्टी सोडली तर पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं, बोटं काळी पडलेली, जखमेत राख.

"हे कुणी केलं?" सलिमानं विचारलं.

"मीच. रोज सकाळी राखंनं आन् काथ्यानं घासलं. पाय बधिरच हाय, दुखलं बी न्हाय. तुमीच म्हनलासा की, किटलीवानी."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"पाऊल ऱ्हाईल न्हवं?" धोंडुबाईनं विचारलं.

सलिमा खोटं बोलली नाही. "बोटं काढावी लागतील. पाऊल वाचवायला बघू." सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःची लाज वाटत होती.

धोंडुबाईनं एकदा पायाकडं बघितलं. मग तिनंच डॉक्टरणीच्या पाठीवर हात ठेवला.

"गप बगू. पायाच्या बोटांनी कोन धारा काडतंय?"