शून्यावरची घंटा

घंटा वाजली तेव्हा वेंडेल प्रूल दोन मेंढ्यांना कुंपणात ढकलत होता. मेंढ्या तशाच सोडून तो धावत सुटला. फाटकसुद्धा लावलं नाही.

"आली रे!" हेडफोनमध्ये तो ओरडला. "आली! मी निघालो!"

"जा, जा," डग म्हणाला. "मेंढ्यांचं आम्ही बघतो." आणि त्याने आपला माईक बंद केला, कारण त्याला हसू आवरेना. मीही माझा बंद केला. मेंढ्या केव्हाच पळाल्या होत्या.

वेंडेल सडबरी या खाणींच्या शहरात गॅरेजची दारं दुरुस्त करतो. थंडी उणे तिशीला गेली की दारांच्या स्प्रिंगा काडकन तुटतात आणि लोक आपल्याच गाडीपासून वंचित होतात. मी त्याच कंपनीत फोन घेते. "तुमचं दार उघडत नाही की बंद होत नाही?" एवढं एक वाक्य बोलण्याचा मला पगार मिळतो. डग लाशान्स वेंडेलच्या गाडीवर असतो. वेंडेल दार दुरुस्त करतो; डग शिडी धरतो आणि मत देतो.

संध्याकाळी आणि रविवारी आम्ही तिघं आपापल्या घरून ठोकळ्यांचा खेळ खेळतो. त्यात डोंगर ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, सूर्यसुद्धा चौकोनी. कंपनीच्या मागच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर आमचं हे जग चालतं, आणि सगळ्यांचे भाचे, मेहुण्या तिथे येऊन-जाऊन असतात. या खेळात एखादा दिवा लावायचा तर बटणापासून दिव्यापर्यंत लाल पूड सांडत न्यावी लागते. दिवा डोंगरापलीकडे असला तर डोंगर पोखरा. म्हणून कुणा चाहत्याने फावल्या वेळात एक मॉड, म्हणजे खेळाला जोडायची पुरवणी, बनवलं. खेळाच्या मालकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. इकडे ट्रान्समीटरचा डबा ठेवायचा, तिकडे रिसीव्हरचा, दोन्हींवर एकच चॅनेल लावायचं. संपलं. पूड नको, पोखरणं नको.

नवीन डबा ठेवला की तो शून्य चॅनेलवर असतो. म्हणून शून्य कुणी वापरत नाही. वापरलं, तर कुठलाही नवशिक्या डबा ठेवून बटण दाबतो आणि तुमचा पूल उघडतो. हे वेंडेलइतकं कुणालाच ठाऊक नसेल. दिवसभर तो गिऱ्हाइकांना तेच सांगत फिरतो, "रिमोटचा कारखान्यातला कोड बदला बाई, नाहीतर शेजारी आपली गाडी तुमच्या गॅरेजात लावेल." एका बाईंनी बदलला नाही. शेजाऱ्याने गाडी लावली. पुढे त्यांचं लग्न झालं आणि एक गॅरेज भाड्याने गेलं.

तरीही वेंडेलची स्वतःची घंटा शून्यावर होती. कारण त्याची मुलगी, कॉरिन.

कॉरिनने या जगात पार समुद्राकाठी घर बांधलं होतं. बापापासून जितकं लांब जाता येईल तितकं. "पापा, मला नंबरबिंबर लावायला सांगू नकोस," ती म्हणाली होती. "मी डबा ठेवणार आणि बटण दाबणार. बाकीचं तुझं तू बघ." मग वेंडेलने सगळ्यांना ताकीद दिली की शून्य आमच्या कॉरिनचं. तिने बटण दाबलं की याच्या घरी घंटा वाजे, हा रुळावरच्या छोट्या गाडीत बसून निघे, आणि दोघं समुद्रात गळ टाकून गप्पा मारत बसत. खऱ्या स्वयंपाकघरात त्यांचं बोलणं "मीठ दे"च्या पुढे गेलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

मग वेंडेलची बायको वारली, आणि तिची लाडकी तळ्याकाठची खोपटी त्याने कॉरिनला न विचारता विकून टाकली. कॉरिन दूर एडमंटनला निघून गेली. फोन नंबर बदलला. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाली, "मला बोलावंसं वाटलं तर मी घंटा वाजवीन. तोवर तू काही म्हणजे काही करू नकोस."

वेंडेल सूचना पाळणारा माणूस. त्याने काही म्हणजे काही केलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात घंटा वाजायला लागली.

तो धावत जाई. घर रिकामं. तिथे बराच वेळ थांबून परत येई आणि म्हणे, "गेली वाटतं. मलाच उशीर होतो." मग उशीर होऊ नये म्हणून त्याने रुळांवर वेग वाढवणारे ठोकळे बसवायला घेतले. ते सोन्याचे लागतात. सोन्यासाठी तो जमिनीखाली इतका खणत राहिला की सडबरीच्या खऱ्या खाणीतल्या लोकांनाही त्याची दया आली असती.

घंटा वाजवत होती ती कोंबडी.

डगच्या मेहुणीने अंडी आपोआप गोळा करायचं यंत्र बांधायला काढलं होतं. कोंबडीच्या पायाखाली दाबपट्टी, पट्टीला नवा कोरा ट्रान्समीटर. तेवढ्यात तिच्या घरी जेवायची वेळ झाली. ती उठली ती परत आलीच नाही. तिला विणकाम आवडायला लागलं. कोंबडी राहिली. पट्टीवर पाय पडला की शून्यावर सिग्नल, आणि टेकडीपलीकडे एक बाप मेंढ्या सोडून धावत सुटे.

हे मला आणि डगला एका शुक्रवारी कळलं.

"त्याला सांगायला हवं," मी म्हणाले.

"सांगू की. एवढी कसली घाई? सोनं खणतोय, तब्येत सुधारलीय त्याची."

"डग."

"बरं बाई, सांगतो. पण नीट सांगू. कार्यक्रम करून."

या खेळात जनावरांच्या गळ्यात पाटी घालता येते. मग त्यांच्या डोक्यावर नाव तरंगत राहतं. डगने पाटी घातली. रविवारी तो वेंडेलला म्हणाला, "म्हाताऱ्या, तू नेहमी चुकीच्या घरी जातोस. कॉरिन तिकडे नाहीच. ये, दाखवतो."

वेंडेलने कुदळ खाली ठेवली. "नवं घर बांधलं तिने?"

"घर म्हणजे... आहे छोटंसं. तुझ्यापासून अगदी जवळ."

"जवळ?" वेंडेल म्हणाला. "जवळ बांधलं?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "जरा थांब," आणि परत फिरून घरून दोन गळ घेऊन आला.

कुंपणात कोंबडी उभी होती. डोक्यावर नाव: कॉरिन. ती पट्टीवर चढली. टेकडीपलीकडे वेंडेलच्या घरी घंटा वाजली असणार. मग तिने अंडं घातलं.

डग खुर्चीवरून पडला; हेडफोनमध्ये धप्प आवाज आला. मी हसले. कोंबडीचं टायमिंगच तसं होतं.

वेंडेल दोन्ही गळ घेऊन उभा होता. मग तोही हसला. जरासं, गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं तसं. "मस्त," तो म्हणाला. "जागा लहान पडतेय तिला. कुंपण वाढवा." आणि जाता जाता ट्रान्समीटर उघडून त्याने त्याचं चॅनेल बदललं. कोंबडीला स्वतःचं चॅनेल मिळालं.

सोमवारी तो नेहमीसारखा कामावर आला. डगला कॉफी आणली. डग मला म्हणाला, "बघ, मोठ्या मनाचा आहे. उगाच घाबरत होतीस."

त्यानंतर घंटा वाजली नाही. वेंडेलने समुद्राकडे जाणं बंद केलं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बाहेर बर्फ पडत होता. मी एकटीच खेळात होते. पडद्यावर ओळ उमटली: 'मॅग्पाय-एट आली आहे (पूर्वीचं नाव: कॉरिन प्रूल).' नाव बदललं की खेळ पहिल्या वेळी तसं सांगतो. नंतर पुन्हा सांगत नाही. नकाशावर तिचा ठिपका सरळ समुद्राकडे गेला, घरात शिरला आणि थांबला.

थोड्या वेळाने वेंडेल आला, मागोमाग डग. ती ओळ तोवर माझ्या पडद्यावर वर सरकून गेली होती, आणि नंतर येणाऱ्याला जुन्या ओळी दिसत नाहीत.

घंटा वाजली.

"कोण आहे रे शून्यावर?" वेंडेल म्हणाला.

"वेंडेल, ती कॉरिन आहे," मी म्हणाले.

"बरं."

"खरंच! नाव बदललंय तिने. मी आत्ता वाचलं."

"पिसं आहेत का?"

"वेंडेल, शपथ. डगची शपथ."

"डगच्या शपथेने मी साधी शिडीसुद्धा चढत नाही, सिल्वी."

"मला कशाला ओढता?" डग म्हणाला. "पण म्हाताऱ्या, ती म्हणते ते खरं असेल हं." आणि फिस्सकन हसला. डगला गंभीर बोलताना नेहमीच हसू येतं. आजीच्या अंत्यविधीत त्याला बाहेर काढलं होतं.

मी जुन्या ओळींत मागे जाऊन ती ओळ उचलून वेंडेलला पाठवली.

"हे मीही टाइप करू शकतो," तो म्हणाला.

"नकाशा बघ ना! ती घरात उभी आहे, तिच्या स्वतःच्या घरात!"

"त्या घराला कडी नाही, पोरी. डगची मेहुणी उभी असेल." तो अजिबात चिडला नव्हता. "एकदा हसलो मी तुमच्याबरोबर. छान झालं होतं. पण दर रविवारी नको."

पुन्हा घंटा वाजली. वेंडेलने कुदळ घेतली, भिंतीतला रिसीव्हर दोन घावांत काढला आणि पेटीत ठेवून दिला.

तिकडे बटण दाबणाऱ्याला हे कळत नाही. तारेशिवाय जोडल्याची एवढीच अडचण आहे. बटण आधी दाबलं जात होतं तसंच दाबलं जातं.

मी घाईघाईने तिला लिहिलं, 'थांब. तुझे पापा इथेच आहेत.'

तिचं उत्तर आलं, 'माहीत आहे. नाव दिसतंय.'

मी वेंडेलला हाका मारत राहिले. तो म्हणाला, "सिल्वी, पुरे आता," आणि त्याने मेंढ्यांच्या कुंपणाला नवी फळी ठोकली. डगला हसू आलं नाही. पहिल्यांदाच.

मग सगळ्यांच्या पडद्यावर ओळ आली: 'मॅग्पाय-एट गेली आहे.'

वेंडेल सभ्य माणूस. नवखं कुणी येऊन गेलं, तर त्याला बरं वाटावं एवढी काळजी तो घेतो. फळी ठोकायची थांबवून त्याने दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं:

'पुन्हा या. काही अडलं तर मला विचारा. मी रविवारी इथेच असतो.'