पंचवीस घोडे आणि वस्तीचा चढ

हसा, खुशाल हसा! मोटारसायकलवाले मला ओलांडून जाताना हसतातच. औशाजवळच्या एका गावात लिंबाखाली उभा असलेला पंचवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बोलतोय मी. मला पळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे सिलिंडर दोनच. पण पोटं मोठी, एकेकात जवळजवळ लिटरभर हवा मावते. त्यामुळं ठोका सावकाश पडतो, पण दणकट पडतो. नवा होतो तेव्हा या आवाजाचा मला केवढा तोरा होता!

मला आणलं केरबांनी. शंकरपटात बैल पळवणारा माणूस, चार गावांत नाव. माझ्यावर बसले तरी बैलांची सवय सुटेना. चढ आला की "हाऽऽ माझ्या राजा!" म्हणत मडगार्डवर थाप मारायचे. आणि संथ चालीच्या लो गियरला तर हातच लावायचे नाहीत. "म्हाताऱ्या बैलावानी चालवू व्हय? लोक काय म्हनतील!"

लातूर जिल्हा नवा नवा होता, आणि त्यातच दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले. टँकर मंजूर झाला आणि तो ओढायला मला जुंपलं. टँकर गावात यायचा; पण चढावरच्या बौद्ध वस्तीपर्यंत कधी गेलाच नाही. वस्तीतल्या पंचशीलाला आठवा महिना होता, घरात दुसरं कोण तर गुडघ्यांनी अधू झालेली सासू, केवळाबाई. घागरी वर न्यायच्या कुणी? पंचशीला एसटीनं लातूरला गेली आणि नव्या कचेरीत अर्ज देऊन आली.

चार दिवसांनी कचेरीतले साहेब जीपमधून आले. म्हणाले, "आज टँकर वर चढला तर रोज चढेल. नाही चढला तर वस्तीनं पाण्याला खाली यायचं."

केरबांनी पटातल्यासारखी लांबून धाव घेतली, तीही चौथ्या गियरात! अर्ध्या चढावर माझा जीव मेटाकुटीला आला. ठोके मंदावले, गचका बसला आणि इंजिन बंद. भरलेला टँकर मागं ओढायला लागला. केरबांनी ब्रेक दाबून धरला, बायांनी चाकांमागं धोंडे सारले, म्हणून वाचलो.

"पंचवीस हॉर्सपॉवरला हे झेपायचं नाही. माझ्या जीपला दुप्पट आहेत," असं म्हणत साहेब जीपकडं वळले. अस्सा राग आला मला!

तेवढ्यात पंचशीला पुढं आली. "काका, मोट वढताना बैल पळवत व्हता का तुमी?"

"न्हाई. मोटंला बैल दमानंच चालतंय."

"मग हे बी पानीच हाय की. पट हाय का हितं?"

केरबा खाली बघायला लागले. "लोक लई हसतील, पोरी."

"हसू द्या. घागरी तर भरतील."

केरबांनी मला हळूहळू खाली घेतलं, घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा लो टाकून पहिला गियर लावला. माझे घोडे तेवढेच, पंचवीस. पण वेग सोडला की तोच जोर चाकात रेटा होऊन उतरतो. धक्, धक्, धक् करत मी निघालो. इतका सावकाश, की आठव्या महिन्याची पंचशीलासुद्धा माझ्या पुढं चालत होती! लोक खो खो हसले. मग केरबाही हसले.

वर केवळाबाई दारात घागर घेऊन उभी होती. "आलास का रं बाबा!" म्हणत तिनं माझ्या तापलेल्या बॉनेटवरून हात फिरवला. साहेबांच्या शब्दाप्रमाणं त्या दिवसापासून टँकर रोज वर गेला. इतकं सुख मला नांगरटीतही मिळालं नाही.

आता वस्तीत नळ आहेत. मी मळणीपुरता उरलोय, पण मजेत आहे. एवढंच मागणं, मला भंगारात घालू नका. इथून तो चढ दिसतो.

केरबा ऐंशीला टेकलेत. रोज संध्याकाळी पंचशीलाकडं चहाला जातात. अजून पटातल्यासारखी धाव घेतात, आणि अर्ध्यात धापा टाकत थांबतात. मग वरून हाक येते, "काका, लो गेरात या!"

केरबा हसतात, पाऊल आखूड करतात आणि वर पोचतात.