बेचाळीस लाल झेंडे

मला कुणी ‘शांत हो’ म्हटलं की माझं डोकं आणखी फिरतं. म्हणून आधीच सांगते, ही गोष्ट मी रागातच सांगणार आहे. ज्याला सोसत नसेल त्याने आत्ताच उठावं.

मी सरकारी कुरणावर तणनाशक फवारते. सतरा वर्षं झाली. पाठीवर सोळा लिटरचा पंप, हातात नळी, पायात गमबूट, तोंडाला मास्क, आणि भर उन्हात या सगळ्याच्या आत मी. आमची पाच जणांची टोळी आहे आणि टोळीची मुकादम मीच. तोंडाच्या जोरावर झाली, असं लोक म्हणतात. म्हणेनात का!

फवारायचं काय, तर सवत. कागदावर त्या तणाचं नाव लांबलचक आहे, ते साहेबांना लखलाभ. आम्ही सवतच म्हणतो. कुणाच्या तरी बियाण्याच्या पोत्यातून आली म्हणे, आणि एकदा येऊन बसली ती उठायचं नाव घेईना. कंबरेएवढी वाढते, पिवळी फुलं येतात, दिसायला बरी. शेजारी गवताची काडी उभी राहू देत नाही. वर विषारी. पण इतकी कडू की मेंढी तिला हुंगून तोंड फिरवते. म्हणजे ती ताजी उभी आहे तोवर जनावराला भीती नाही. भीती आम्ही फवारल्यावर सुरू होते, आणि नेमकं हेच शिकल्यासवरल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. औषध पडलं की सवत लगेच मरत नाही. दहा-बारा दिवस मान टाकून पडते, आणि त्या दिवसांत तिचा कडूपणा जातो. गोड होते. विष तेवढंच राहतं. मग मेंढरं तिच्यावर तुटून पडतात. म्हणून फवारल्यावर एकवीस दिवस फाटक बंद. तोवर ती वाळून काडी होते, हातात घेतली की चुरा होतो, मग कुरण मोकळं.

कुठे फवारलं ते दिसावं म्हणून औषधात निळा रंग घालतो. आमचे हात बारा महिने निळे असतात. पण झाडावरचा रंग उन्हाने तीन दिवसांत उडतो, म्हणून वर लाल झेंडे. काठीला लाल फडकं, दर पन्नास पावलांवर एक. झेंडा आहे तोवर आत पाय टाकायचा नाही, झेंडा निघाला की खुशाल चारा. झेंडे रोवायचे मी आणि काढायचेही मीच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा माझा दंडक. मेंढपाळ ऑफिसच्या नोटिशीकडे ढुंकून बघत नाहीत, पण माझ्या झेंड्याला मानतात.

त्यातलाच एक माझा सख्खा थोरला भाऊ. दादाकडे साठ मेंढ्या आणि वडिलांपासून चालत आलेला चराईचा परवाना. दुसरं काही नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या दादा घालायचा, आणि इतक्या आवळून घालायचा की दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या. शाळेतल्या बाई विचारायच्या, एवढं कशाचं आश्चर्य वाटतंय गं तुला?

आता साहेब. आमच्या टोळीत त्याचं नाव टार्गेट, कारण तोंड उघडलं की तोच शब्द. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, आणि उंटही सरकारी. खालच्या तुकड्यात फवारून सहा दिवस झाले होते. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये पंप धुवत होतो तेव्हा त्याची जीप आली.

“उद्या मोठे साहेब येताहेत, तणमुक्त कुरण बघायला,” तो म्हणाला. “खालच्या तुकड्यातले झेंडे काढा आणि फाटकाची साखळी सोडा. चार जनावरं चरताना दिसली पाहिजेत.”

“आज सहावा दिवस आहे साहेब.”

“मग?”

“मग एकवीस व्हायचेत.”

“बाई, डबा मीही वाचलाय. औषध जनावरांना बाधत नाही, असं स्वच्छ छापलंय.”

“औषध नाहीच बाधत. सवत बाधते. फवारली की गोड होते ती.”

तो हसला. “गोड होते? चाखून बघितलीत वाटतं!”

आणि आमच्यातला लंबू, ज्याला मी हाताला धरून काम शिकवलं, तोही फिदीफिदी हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातमोजे काढून जीपच्या बॉनेटवर आपटले.

“लेखी द्या! आत्ताच्या आत्ता लेखी द्या!”

“दोन तासांच्या कामाला लेखी कसलं देऊ? तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मुकादम दुसरा बघतो.”

इथे मी काय करायला हवं होतं, ते शेंबड्या पोरालाही सांगता येईल. मी काय केलं ते ऐका. “काढते!” मी ओरडले. “घ्या, काढते तुमचे झेंडे! उद्या काही झालं तर माझ्या दारात येऊ नका!” आणि तरातरा गेले आणि बेचाळीस झेंडे उपटले. एकेक झेंडा उपटताना त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मला वाटत होतं, मी केवढी भांडतेय! तोंड भांडत होतं, हात त्याचं काम करत होते. शेवटी साखळीही मीच सोडली.

मनाशी म्हटलं, ऑफिसच्या गोठ्यातल्या चार गाई आणतील, फोटो काढतील, दोन तासांत परत नेतील. दादा तर तेव्हा नदीपलीकडे चारत होता. तरी त्याच्या कानावर घालावं, असं मनात आलं होतं. घरी गेले, अंगाचा औषधाचा वास जाईना म्हणून दोनदा आंघोळ केली, जेवले आणि झोपले. सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमच्या टोळीला वरच्या डोंगरावर पाठवलं.

टार्गेटने शिपायाकडून दादाला निरोप धाडला की खालचं कुरण मोकळं झालंय, मेंढ्या घेऊन ये. दादा ऑफिसच्या शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हे. तो आधी एकटा कुंपणापर्यंत चालत आला. झेंडा एकही नाही. वहिनीला म्हणाला, “आपल्या बाईने काढलेत म्हणजे झालं.” आणि साठच्या साठ मेंढ्या आत घातल्या. मोठे साहेब आले, मेंढ्यांसोबत फोटो काढला, चहा घेऊन गेले. दोन तासांनी फाटक लावायला कुणीही आलं नाही. मेंढ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. मी डोंगर कसा उतरले ते मला आठवत नाही. दादाच्या मेंढवाड्याच्या कुडापाशी पंचवीस मेंढ्या मरून पडलेल्या, तोंडाला फेस, आणि तीन अजून पाय झाडत होत्या. जनावरांची डॉक्टरीण गुडघ्यावर बसली होती. तिने एकीचं पोट उघडलं आणि मूठभर चोथा माझ्यासमोर धरला. मला बघायची गरज नव्हती. मी तिथे उभी राहून जी सुटले! टार्गेटला जीपला बांधून फरफटत नेईन, त्याच्या तोंडात हीच सवत कोंबेन, काय वाटेल ते बोलले. दादा सगळं ऐकत होता. मग म्हणाला, “बादलीभर पाणी आण. त्या तिघींना पाजून बघू.” पाजलं. दोन वाचल्या.

आठवड्याने मला ऑफिसात साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. पंचनामा टाइप होऊन तयार होता. मेंढपाळाने बंद फाटकाची साखळी तोडून मनाई असलेल्या कुरणात मेंढ्या घातल्या, सबब चराई परवाना रद्द करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तो कागद फाडणारच होते, तेवढ्यात खाली दादाची सही दिसली. त्याची ती वेडीवाकडी, मोठी अक्षरं. कबूल आहे म्हणून.

तशीच त्याच्याकडे गेले. तो कुडाच्या काठ्या बांधत होता.

“अक्कल गहाण ठेवलीस का? साखळी तू तोडलीस?”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू! परवाना गेला तर उरलेल्या मेंढ्या काय माझ्या अंगणात चारणार आहेस?”

“त्यांनी सांगितलं, मी सही केली नाही तर सगळं तुझ्यावर शेकेल,” दादा म्हणाला. “तुझी नोकरी जाईल. एकटी बाई तू, या वयात कुठे जाशील? आणि तुझा काय दोष गं? तुला फसवून झेंडे काढायला लावले असतील. काय सांगितलं होतं त्याने, दिवस भरले म्हणून?”

मी तोंड उघडलं. वहिनी दारातून बघत होती. “तो माणूस नाहीच, हरामखोर आहे तो,” मी म्हणाले, आणि आणखी पाच मिनिटं टार्गेटला शिव्या घातल्या. दादाच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. त्याने ते गृहीतच धरलं होतं.

चार दिवसांनी चराई समितीची बैठक होती, परवान्याचा निकाल लावायला. ते चार दिवस मी कशी होते ते मलाच माहीत. गप्प बसले तर दादाचा परवाना जाणार. बोलले तर नोकरी जाणार, पण नोकरीचं एक वेळ सोडा, मी काही उपाशी मरत नव्हते. बोलले तर दादाला कळणार, की मला ठाऊक होतं.

हॉल भरलेला. खुर्च्यांवर समितीची माणसं, मागे मेंढपाळ उभे, दादा आणि वहिनी भिंतीला टेकून. टार्गेटने पंचनामा वाचला. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, कुणाची हरकत?

“माझी आहे,” मी उठले. “साखळी कुणी तोडलेली नाही. साखळी मी सोडली. झेंडे मी काढले. या साहेबांनी सांगितलं म्हणून.”

“लेखी आदेश आहे का?” टार्गेट शांतपणे म्हणाला.

“नाही.”

“म्हणजे बाई स्वतःच कबूल करताहेत, की त्यांनी आपल्या मनाने...”

“हो, करते कबूल!” माझा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. “सहावा दिवस आहे हे मला ठाऊक होतं. ती गोड होते, जनावरं खातात, खाल्ली की मरतात, सगळं ठाऊक होतं. तुम्हाला तसं सांगितलं, तुम्ही हसलात, आणि मी जाऊन झेंडे उपटले! मुकादमपद जाईल म्हणून उपटले! त्या माणसाने काही तोडलं नाही. त्याने माझे झेंडे बघितले आणि आत गेला.”

मग मागून लंबू पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, “साहेबांनी सांगितलं ते मीही ऐकलं. हसलो होतो मी तेव्हा.”

अध्यक्षीणबाईंनी पंचनाम्यावर आडवी रेघ मारली. परवाना राहिला. मला त्याच जागी निलंबित केलं. टार्गेटची चौकशी होणार म्हणे. तो फाइल काखेत मारून निघून गेला आणि जाताना मला म्हणाला, “शांत व्हा बाई.” त्या दिवशी त्याच्या थोबाडीत कशी बसली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

बाहेर आले तर मेंढपाळ पांगत होते. एरवी हाक मारून बोलणारी माणसं माझ्या बाजूने बघत नव्हती. दादा पायऱ्यांपाशी चपला शोधत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“परवाना वाचला ना?” मी म्हणाले. “आणि त्या टार्गेटला मी सोडणार नाही दादा, वरपर्यंत जाईन, सव्वीस मेंढ्यांचा...”

“त्याला कशाला बोलतेस?” दादा म्हणाला. “त्या साहेबाला मेंढीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं कळत नाही. त्याला कुठलं माहीत असणार? तुला माहीत होतं.”

“दादा, शिवी दे. ओरड माझ्यावर. एक ठेवून दे हवं तर.”

त्याने चपला घातल्या. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, तिने माझा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“झेंडे आता दुसरं कुणी लावेल,” दादा म्हणाला. “तुला पुन्हा कामावर घेतलं तर मला कळव. तू झेंडे लावशील तेवढे दिवस मी मेंढ्या नदीपलीकडेच ठेवीन.”