बर्फातलं

"आजी, वाटी दाखव ना. नुसतं तुझं कपाळ दिसतंय."

शांतीने फोन खाली वळवला. ओट्यावरच्या वाटीत चिकनच्या खिम्याचा दगडासारखा गोळा होता.

"अगं, अजून गोठलेलंच आहे ते. पूर्ण सुटल्याशिवाय देऊ नको हां. आणि उरलं तर टाकून दे, परत ठेवू नको."

"नाय ठेवत गो. मना काय कलत नाय का?"

"बिस्किटचा पापा घे माझ्याकडून. चल, मॅथ्स राहिलंय."

फोन बंद झाला. शांतीने तो गोळा पिशवीत घातला, गाठ मारली आणि परत फ्रीझरात टाकला. महिना होत आला, ते एकच पुडकं रोज संध्याकाळी बाहेर येऊन नातीला, रुतिकाला, तोंड दाखवत होतं. त्याची बाकीची भावंडं पहिल्या दोन दिवसांतच गल्लीतल्या कुत्र्यांच्या पोटात गेली होती. मग तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. आत सकाळचीच मांदेली होती, अजून लकाकणारी. बिस्किट बोका शेपटी ताठ करून पायांत घोटाळायला लागला.

"खा रं बाबा. बर्फातलं खायाला तू काय हॉटेलात आलायस?"

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात शांतीच्या मासळीच्या पाटीला मान होता. बेलापूरच्या बाजारात तिने जन्म काढला, पण बर्फाला हात लावला नाही. सकाळी आलेलं दुपारपर्यंत विकायचं, नाही विकलं तर वाटून टाकायचं. "ताजं आहे का?" असं कुणी विचारलं की ती उत्तर देत नसे, नुसते माशाचे कल्ले उघडून दाखवी. बर्फातलं म्हणजे शिळं आणि शिळं म्हणजे फसवणूक, एवढा साधा हिशेब होता तिचा. गुडघ्यांनी दगा दिला आणि पाटी सुटली, पण हिशेब काही सुटला नाही.

नवरा कधीच गेला होता. मुलगा भावेश रबाळ्याच्या कंपनीत लागला आणि बायको-मुलीला घेऊन खारघरच्या टॉवरमध्ये राहायला गेला. खारघर काही लांब नाही, आता तर मेट्रोही आहे. पण जवळची माणसंच जास्त वेळ लावतात यायला. शांती एकटी राहिली आणि तिच्या घरातून मासळीही गेली. एकटीसाठी वाटा घेतला तर तो संपत नाही, दुसऱ्या दिवशीचं तिच्या घशाखाली उतरत नाही आणि अर्धा वाटा मागायचा तर बाजारात नाव खराब होतं. म्हणून कोळ्याची बाई असून ती डाळ-भात आणि सुकटीवर दिवस काढत होती. कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

मग रुतिकाची दहावी आली. परीक्षा संपेपर्यंत मांजर घरात नको, असा सुनेने, मितालीने, हुकूम काढला. एका रविवारी भावेश बोका, त्याची शी-शूची मातीची परात आणि पुडक्यांनी भरलेला थर्माकोलचा डबा घेऊन आला. कोरड्या दाण्यांनी बोक्याचं पोट बिघडायचं, म्हणून डॉक्टरला विचारून त्याला कच्चं खाणं सुरू केलं होतं. सगळे नियम रुतिकाने आजीला फोनवर तीनतीनदा ऐकवले.

शांतीला त्या नियमांशी काही देणंघेणं नव्हतं. पाहुणा घरी आलाय आणि त्याला बर्फातलं वाढायचं? ती दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन बाजारात गेली. तिच्या जागेवर आता वेणूबाई बसायची. तिने शांतीला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आज सूर्य कुठं उगवला गो? कोन आलंय घरी?"

"हाय एक," शांती म्हणाली. "खानारा हाय."

तेव्हापासून रोज वाटा येऊ लागला. एक हिस्सा कालवणात, एक हिस्सा कच्चा बोक्याला. दोघं समोरासमोर बसून जेवायची. शांती त्याच्याशी बोलायची आणि संध्याकाळी रुतिकाचा फोन न चुकता यायचा. याआधी तो सणासुदीला यायचा. रुतिका विचारायची ते बिस्किटचंच: खाल्लं का, खेळला का, झोपला का. आजी जेवली का, हे तिच्या मनात आलं नाही. शांतीलाही त्याचं काही वाटलं नाही. घरात आवाज येत होता, तेवढ्याने ती सुखावली होती.

परीक्षा तोंडावर आली आणि बिस्किटने मांदेलीकडे पाठ फिरवली. शांतीने बोंबील आणला, तारली आणली. त्याने हुंगलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालू लागला. खिडकीवर उडी मारायला गेला आणि मध्येच पडला. मान छातीत घालून बसला, ती त्याला वर करता येईना. शांतीने माळ्यावरची जुनी पाटी काढली, तिच्यात लुगडं अंथरलं, बोक्याला निजवलं आणि रिक्षा थांबवली.

बेलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर नमिता म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने बोक्याचे डोळे पाहिले, मान पाहिली.

"मावशी, खायला काय देता?"

शांतीच्या ओठांवर पुडक्याचंच नाव आलं होतं. पण पाटीतला बोका पाहून तिला खोटं बोलवेना.

"मासली. कच्ची. रोज."

"रोज फक्त मासळीच?"

"ताजी गो बाय! कल्ले लाल असलेली. मी कदी शिलं दिलं नाय."

"ताजी होती, खरंय. पण काही कच्च्या मासळीत असं काही असतं की ते मांजराच्या अंगातलं एक जीवनसत्त्व संपवून टाकतं. मग मेंदूवर परिणाम होतो. ताजेपणाचा त्यात संबंध नाही."

शांती खाली बसली. आयुष्यभर जी गोष्ट तिने मान ताठ करून सांगितली, तिनेच या मुक्या जिवाची मान खाली आणली होती.

"जगंल ना?"

"वेळेवर आणलंत. इंजेक्शनं देऊ. पण कच्चं द्यायचं तर नीट द्यायचं. चिकन, थोडं हृदय, काळीज अगदी चिमूटभर. आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं, त्याने आतले किडे मरतात. जंतू मात्र सगळे मरत नाहीत, म्हणून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं, हात आणि भांडी साबणाने धुवायची. ही पावडर वाढताना मिसळायची."

"म्हंजे बर्फातलंच?"

"बर्फातलंच, मावशी."

संध्याकाळी रुतिकाने वाटी दाखवायला सांगितली. शांतीने फोन स्वतःच्या तोंडासमोरच धरला आणि सगळं सांगून टाकलं, पुडक्याचं नाटकसुद्धा.

"तू मला रोज खोटं दाखवत होतीस, आजी?" रुतिका रडत म्हणाली आणि फोन ठेवला.

शांतीला वाटलं, आता हा फोन पुन्हा येणार नाही. पण पोरीला राहवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पेपरला निघताना एकदा आणि आल्यावर एकदा फोन करू लागली. शांती खिमा आणून पुडकी बांधी, एका वेळेपुरती, एकसारखी. मासळीबाजारात जाणं थांबलं. ती पुन्हा डाळ-भातावर आली. बिस्किटची मान हळूहळू वर आली आणि एका सकाळी तो खिडकीत बसलेला दिसला.

शेवटच्या पेपरच्या दिवशी रुतिकाने विचारलं, "आजी, खरं सांग. बरा झाला का तो? की अजून थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे?"

नुसतं "मान अजून वाकडी हाय" म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं.

"खिडकीत उडी मारतंय," शांती म्हणाली. "येऊन घेऊन जा."

रविवारी तिघं आली. रुतिकाने बिस्किटला छातीशी घट्ट धरलं, मग आजीलाही मिठी मारली. शांतीने फ्रीझर उघडून दाखवला. पुडक्यांची रास रचून ठेवली होती.

"राहू दे आई," भावेश म्हणाला. "मितालीला आता घरात कच्चं नकोय. डॉक्टरने डब्यातलं सांगितलंय दुसरं काहीतरी."

गाडी गेली. पोचल्यावर मेसेज आला. दुसऱ्या संध्याकाळी शांतीने फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसली. तो वाजला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पोरीचे क्लास सुरू झाले असतील, असं ती स्वतःशी म्हणाली. राग तिला आला नाही, पण घर खायला उठलं होतं.

मग तिने एक पुडकं काढून खालच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी ते नीट सुटलं होतं. तिने हात साबणाने धुतले, लसूण ठेचला, घरचा मसाला टाकला आणि खिमा शिजवला. जन्मात पहिल्यांदा ती बर्फातलं खायला बसली. चवीला वाईट नव्हतं. भाकरीबरोबर कालवण बरोबर संपलं, उरलंही नाही आणि कमीही पडलं नाही.

तिने वाटी धुऊन पालथी घातली. मग फ्रीझर उघडला, दुसरं पुडकं काढलं आणि उद्यासाठी खालच्या कप्प्यात ठेवलं.